खिशात राहिलेले दोन निरोप

सांगलीच्या आमच्या कबड्डी मंडळाचा मी एकवीस वर्षं चिटणीस होतो. दर सभेच्या सुरुवातीला मी उभा राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचो, मंडळी जांभया देत माना डोलवायची आणि ते 'वाचून कायम' व्हायचं. एकवीस वर्षांत कुणी एकदाही दुरुस्ती सुचवली नाही. माझी इतिवृत्तं अचूक असतात, असा मी त्याचा अर्थ काढला. ती कुणी ऐकतच नव्हतं, हा दुसरा अर्थ सुचायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

आता दोन दुरुस्त्या मीच सुचवतो. एक सांगलीची, एक फेल्डहोवनची. दोन्ही ठिकाणी गुन्हा तोच, गुन्हेगार तोच. कौशल्य मात्र वयाबरोबर वाढलेलं दिसेल.

बायको गेल्यापासून मी तीन महिने नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला मुलाकडे आणि तीन महिने सांगलीत असा राहतो. व्हिसाचा नियमच तसा आहे. नव्वद दिवस झाले की इथल्या सरकारला माझा कंटाळा येतो, आणि तेवढ्यात सांगलीच्या शेजाऱ्यांना माझी आठवण येऊ लागलेली असते. मुलगा संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलं आहे आणि मला तिन्ही वेळा समजलं आहे. सून चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. कॉलेजात असताना ती पुण्याकडून खो-खो खेळायची. इथे तिच्या विभागातल्या कुणा आयरिश माणसाने तिला जिन्यावरून पळताना पाहिलं आणि पुढच्या मंगळवारी मैदानावर नेलं. तेव्हापासून ती गेलिक फुटबॉल खेळते.

हा फुटबॉल हातानेही खेळायचा आणि पायानेही. इंग्रजी एचसारखे खांब असतात. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक. मधल्या वेळात एकमेकांना खांदे मारायचे आणि 'सॉरी' म्हणायचं. याच लोकांचा हर्लिंग नावाचा आणखी एक खेळ आहे, तो काठ्या घेऊन खेळतात. तो पाहिल्यावर फुटबॉल म्हणजे हळदीकुंकू वाटतं.

क्लबचा ट्रेनर आयरिश, शाळेत गणित शिकवणारा, लालबुंद आणि लाघवी. पहिल्याच भेटीत त्याने मला अर्धा तास समजावलं की आयर्लंडमध्ये क्लब म्हणजे गाव आणि काउंटी म्हणजे जिल्हा. खेळाडू जन्मतो क्लबचा. जिल्ह्याने निवडला की त्याचं सोनं होतं, आणि मग दोन्हीकडचे ट्रेनर त्याला आठवडाभर ओढत राहतात. मंगळवार आमचा, बुधवार तुमचा, गुडघा कुणाचाच नाही. इथे जिल्हा नाही. म्हणून इथल्या आणि आसपासच्या क्लबांतून एक निवड संघ काढतात आणि तो उन्हाळ्यात आयर्लंडला स्पर्धेला जातो.

"अवघड असतं हो," तो म्हणाला, "तुम्हाला कल्पना नसेल."

मी म्हटलं, "नाही, मुळीच नाही." मंडळ आणि जिल्हा यांच्या मधोमध एकवीस वर्षं बसलेला मी माणूस. पण पाहुण्याने अज्ञानी राहावं, त्यात सभ्यता असते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सून निवड संघाच्या सरावाला जाऊ लागली. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी क्लब, आणि बोलावणं आलं की रविवारी सकाळी हेगजवळच्या मैदानावर निवड संघ. जाताना दोन तास, येताना दोन तास, बॅगेत थालीपीठ. ती चौतिशीची होती. आयर्लंडच्या हिरवळीवर एकदा खेळायचं, एवढंच तिच्या मनात होतं. "पुढच्या वर्षी पाय काय म्हणतील सांगता येत नाही, बाबा. यंदाच," असं ती जेवताना म्हणायची.

इथल्या घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. का ते विचारू नका, मीही विचारलं नाही. आमच्याकडे त्याच खिळ्याला सामन्यांचं कॅलेंडर आलं. क्लब लाल शाईत, निवड संघ निळ्यात. ते भरण्याचं काम मी मागून घेतलं. कुठल्याही पाहुण्याला आमच्या घरातला पेच आतून कडी लावून सविस्तर वाचता यायचा.

दुसरं काम आपणहून चालून आलं. सुनेच्या कारखान्यात स्वच्छ खोली असते. धुळीचा कण चालत नाही, तिथे फोन कुठून चालणार? डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून ती आत गेली की चार-पाच तास कुणाच्या हाती लागत नसे. म्हणून दोन्ही ट्रेनरांना तिने घरातल्या जुन्या मोबाइलचा नंबर दिला आणि तो मोबाइल माझ्या हवाली केला.

"बाबा, तुम्ही नुसता निरोप लिहून ठेवायचा. ठरवाठरवी मी करीन."

"अगं, एकवीस वर्षं हेच केलंय."

"म्हणून तर निर्धास्त आहे," ती म्हणाली.

मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "बाबा, अभिनंदन. पोस्ट मिळाली."

त्याने थट्टा केली होती. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून दाढी करून फोनपाशी बसू लागलो.

आणि मग मला कोट मिळाला. या खेळात गोलाच्या दोन्ही खांबांपाशी एकेक पंच उभा असतो. त्याच्या अंगात पांढरा कोट, डॉक्टरसारखा. गोल झाला की त्याने हिरवा झेंडा उंचवायचा, वरून गेला की पांढरा. क्लबला माणसं कमी, त्यामुळे ज्याला उभं राहता येतं तो पंच. त्या मंगळवारी ट्रेनर स्वतः सायकलवरून घरी आला आणि कोट माझ्या हातात ठेवला. "रविवारी आमची मॅच आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे मोजून अकरा जणी आहेत. एक जरी कमी पडली तर मॅच सोडून द्यावी लागेल. तुमची सून आहे ना? आणि तुम्ही?"

मी म्हटलं, "आम्ही दोघंही आहोत." सुनेला न विचारता. चिटणिसाच्या रक्तातच असतं ते.

कोट मी धुतला, इस्त्री केला आणि आरशासमोर घातला. सत्कारानंतर शाल पांघरून घरी गेल्यावर माणूस जसा दिसतो, तसा दिसत होतो. बऱ्याच वर्षांनी मी कुणाला तरी कशासाठी तरी लागत होतो.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला फोन वाजला. निवड संघाची ट्रेनर. हीदेखील आयरिश, पण गणितवाल्यासारखी पाल्हाळिक नाही. ती म्हणाली, रविवारी अकरा वाजता शेवटची चाचणी. जी येणार नाही तिला आयर्लंडला नेता येणार नाही. क्लबची मॅच असेल तर काळजी नको, क्लबशी मी बोलेन, असा पेच आला तर निवड संघाचा हक्क पहिला. फक्त तिला निरोप द्या आणि आजच्या आज मला फोन करायला सांगा.

"अवश्य, मॅडम," मी म्हणालो.

निरोप मी लिहून घेतला. सुवाच्य अक्षरात, वेळेसकट. मग कागदाची चौपदरी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी सून आली. हेल्मेट खुंटीला लावता लावता तिने विचारलं, "काही फोन?"

"क्लबचा. रविवारी साडेदहाला मैदानावर."

"आणि निवडीचा?"

"नाही."

बस, एवढंच. लोक उगाच म्हणतात की पाप करायला धाडस लागतं. दोन अक्षरं लागतात.

इथे पहिली दुरुस्ती घ्यायला हवी, कारण निरोप खिशात घालणं माझ्या बोटांच्या सवयीचं होतं. सांगलीत आमच्या मंडळाकडे एक चढाईपटू होता. विशीतला, पायात स्प्रिंगा असल्यासारखा. जिल्हा निवड चाचणीचं पोस्टकार्ड त्याच्या नावाने आलं ते मंडळाच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्या हातात. चाचणी आणि आमचा उपांत्य सामना एकाच दिवशी होता. त्या काळी जिल्ह्याकडून खेळलेल्या पोराला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चाचण्यांचे अर्ज मीच भरायचो. ते पोस्टकार्ड चार दिवस माझ्या खिशात राहिलं. पाचव्या दिवशी मी ते त्याला दिलं आणि पोस्टखात्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुम्ही तरी काय करणार." आम्ही उपांत्य सामना हरलो. इतिवृत्तात मी लिहिलं, 'टपालातील दिरंगाईमुळे मंडळाचा एक गुणी खेळाडू निवडीस मुकला, याबद्दल सभा खेद व्यक्त करते.' वाचून कायम.

तो पुढे मार्केट यार्डात हमालांचा मुकादम झाला. आता साठी पार केली आहे त्याने. रोज सकाळी मला मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवतो, खाली सुविचार. सत्य, निष्ठा, माणुसकी, असे त्याचे आवडते विषय. मी रोज हात जोडलेलं चित्र परत पाठवतो.

असो. रविवार उजाडला. कोट घालून, दोन्ही झेंडे हातात घेऊन मी खांबापाशी उभा राहिलो. पलीकडे रग्बीवाले खेळत होते, कारण खमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एकच मैदान दोघांत वाटून दिलं आहे. समोरचा संघ आला. आठ जणी. तिघी आजारी की सुट्टीवर, काहीतरी होतं. आता मॅच सोडून द्यावी लागेल असं मला वाटलं. पण हे लोक एवढ्या लांबून आलेल्यांना खेळवल्याशिवाय परत पाठवत नाहीत. आमच्या ट्रेनरने डोकं खाजवलं, हिशेब केला आणि आपल्यातली एक त्यांना उसनी दिली. दहा विरुद्ध नऊ. काय फरक पडतो, मैत्री महत्त्वाची!

उसनी दिली ती माझी सून.

म्हणजे ज्या क्लबला ती कमी पडू नये म्हणून मी तिचं आयर्लंड खिशात घातलं, त्या क्लबाने तिला पाहुण्यांना वाटून टाकलं. दुसऱ्या डावात तिने चेंडू घेतला, दोघींना हुलकावणी दिली, अगदी खो मिळताच उठावं तशी, आणि माझ्या शेजारून जाळीत मारला. आमच्याच क्लबवर गोल. मी हिरवा झेंडा उंचवला. ती माझ्याकडे बघून हसली आणि ओरडली, "बाबा, हात सरळ!"

त्याच वेळी हेगजवळच्या मैदानावर तिचं नाव खोडलं जात होतं.

सोमवारी यादी आली. तिने ती फोनवर पाहिली, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. आमच्याकडे भांड्यांचं यंत्र आहे. मग तिने निवड संघाच्या ट्रेनरला विचारलं. ट्रेनरने उत्तर दिलं, मी गुरुवारी फोन केला होता, एका वयस्कर गृहस्थांकडे निरोप ठेवला होता.

"बाबा, आला होता का हो फोन?"

"नाही गं. दिवसभर मी तिथेच होतो."

हे उत्तर देण्याआधी माझी तयारी झाली होती. फोनमधली आलेल्या कॉलची नोंद कशी पुसायची, याचा एक व्हिडिओ मी शनिवारी दोनदा पाहिला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी विद्या. मुलगा नेहमी म्हणतो, बाबांना मोबाइल वापरता येत नाही. गैरसमज आहे.

तिने तो जुना फोन उघडून पाहिलासुद्धा नाही. माझ्यासमोर बसून तिने त्या बाईला पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, इंग्रजी तपासायला. 'माझे सासरे एकवीस वर्षं एका क्रीडा मंडळाचे चिटणीस होते. निरोप विसरणं त्यांच्या स्वभावात नाही. आपण फोन केला नाही हे मान्य करणं आपल्याला जड जात असेल, तर अशा संघात मला यायचं नाही.' मी एका ठिकाणी स्वल्पविराम सुचवला.

ट्रेनरचं उत्तर दोन ओळींचं होतं. कदाचित माझ्याकडून दुसराच नंबर लागला असेल, क्षमा करा.

त्यानंतर दोन वर्षं हेच आमच्या घराचं इतिवृत्त. आल्यागेल्याला सून सांगायची की फोन न करताच तिला वगळलं. मुलगा म्हणायचा, यांची आतली माणसं ठरलेली असतात. मी चहा ढवळायचो. क्लबात ती खेळत राहिली. मागच्या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा फिरला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रिवाजाप्रमाणे पॅरासिटमॉल आणि धीर दिला. फिजिओने निदान व्यायाम तरी दिले. आता ती खेळते, पण आठवड्यातून एकदा आणि पट्टा बांधून.

यंदा मी पुन्हा आलो. जुना फोन पुन्हा माझ्यापाशी आला. जूनच्या एका दुपारी तो वाजला आणि तोच आवाज म्हणाला, "मागचं जे झालं ते झालं. तिला विचाराल का, यंदा निवडीला येईल का? की मी पुन्हा चुकीच्या नंबरवर बोलते आहे?"

मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे." ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग मी म्हणालो, "ती सहाला येते. आम्ही फोन करतो."

सून आली. सायकलवरच्या पिशवीतून पालेभाजी काढली, खुर्चीवर पाय लांब केला आणि गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवली. मी समोर उभा राहिलो. सभेत बोलताना राहायचो तसा.

"फोन आला होता. निवड संघाचा."

"आज?"

"आज. आणि दोन वर्षांपूर्वीही."

तिने मटारची पिशवी थोडी सरकवली. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. कोट, कागदाची घडी, पुसलेली नोंद. मध्ये मी 'मंडळाच्या हितासाठी' असं काहीतरी म्हणू लागलो होतो, पण तिने नुसतं वर पाहिलं आणि मी ते वाक्य सोडून दिलं.

"किती वाजता आला होता?"

"सव्वातीनला."

"एवढं लक्षात आहे."

"हो."

"मग मी त्या बाईला काय लिहिलं होतं, तेही असेल. म्हणून दाखवा."

"अगं..."

"म्हणा, बाबा."

मी म्हणून दाखवलं. 'माझे सासरे एकवीस वर्षं' इथपासून. स्वल्पविरामासकट. मी आयुष्यात बरीच भाषणं केली, पण एका श्रोत्यासमोर इतका वेळ लागलेलं दुसरं नाही. मुलगा दारात येऊन थांबला होता. यावेळी त्याला थट्टा सुचली नाही.

"मी तिला खोटारडी म्हटलं," सून म्हणाली. "तुमच्या भरवशावर." मग तिने तो जुना फोन माझ्या पुढ्यात सरकवला. "लावा. स्पीकरवर ठेवा. आणि इंग्रजीत बोला, मला तपासायचंय."

मी लावला. म्हणालो, मॅडम, दोन वर्षांपूर्वी तुमचा फोन आला होता, मी घेतला होता आणि निरोप दिला नाही. जाणूनबुजून. माझ्या सुनेला यातलं काही माहीत नव्हतं.

पलीकडून ती म्हणाली, "मी त्या महिन्याचं फोनचं बिल काढून पाहिलं होतं. नंबर बरोबर होता. पण कुणा म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायला मन झालं नाही." आणि पुढे, "यंदा ती खेळेल का?"

माझं तोंड उघडलं. 'अवश्य, मॅडम' अगदी ओठांवर आलं होतं. सवय. मी तोंड मिटलं आणि फोन सुनेकडे सरकवला.

तिने आधी क्षमा मागितली. मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी दोन्ही केलं असतं. धावत केलं असतं. आता माझा गुडघा आठवड्यातून एकच मॅच देतो, आणि ती मी क्लबला देईन." आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर मात्र तिने मटारची पिशवी उचलली आणि गुडघ्याऐवजी डोळ्यांवर धरली. आम्ही दोघं बापलेक तिथे उभे होतो, काही उपयोग नसलेले.

जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जुना फोन तिच्या खोलीत गेला आणि संडासातल्या कॅलेंडरवर तिचं अक्षर दिसलं. फक्त लाल शाई. रविवारच्या चौकोनात लिहिलं होतं: 'मॅच. पंच: दुसरं कोणी. बाबा: पाण्याच्या बाटल्या.'

म्हणजे मला मैदानावर यायला परवानगी होती. एवढीच.

बाटल्या वीस असतात. मध्यंतरात त्या भरून धावत न्यायच्या असतात आणि त्याबद्दल कुणी कोट देत नाही. मी नेल्या. माझ्या जागी एक डच आजोबा हात तिरका धरून झेंडे दाखवत होते.

घरी आलो तेव्हा सांगलीहून आलेला गुलाब फोनवर वाट पाहत होता. खाली सुविचार: 'उशिरा का होईना, सत्य दार ठोठावतेच.' तो मुद्दाम पाठवत नाही, मला माहीत आहे. त्याला ते कुठूनतरी फुकट येतात. मी रोजचे हात जोडायला बोट नेलं आणि थांबलो. मग लिहिलं, 'टपालखात्याची चूक नव्हती. ते पोस्टकार्ड चार दिवस माझ्या खिशात होतं. फोन कर, किंवा नको करूस.'

दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. त्याला आज सहा दिवस झाले. तेव्हापासून गुलाब आलेला नाही.